अत्तर लागलेलं करडू

मेव्हण्यानं तिसगावजवळच्या रानात बंदिस्त शेळीपालनाची शेड बांधली. उद्घाटनाच्या फलकावर सगळ्या पाहुण्यांचे फोटो होते. शेळीचा नव्हता. शेड देखणी होती, जमिनीपासून उंच, फटीफटींच्या प्लास्टिकच्या फरशीची, म्हणजे लेंड्या आपोआप खाली पडाव्यात. शेळ्या एका बाजूला, करडं जाळीपलीकडे. करडं सकाळ-संध्याकाळ तेवढी पाजायला सोडायची. एरवी दोन्हीकडून ओरडणं चालायचं. चार दिवसांत सवय होते, असं मेव्हणा म्हणाला. कोणाला, ते त्यानं सांगितलं नाही. मला तर दुसऱ्याच दिवशी झाली.

कार्यक्रमाच्या पहाटे एक संगमनेरी शेळी व्याली. पहिलंच वेत. तिनं करडू चाटून कोरडं केलं, ते लटपटत उभं राहिलं, चीक प्यायलं. एवढं होतंय तोवर मांडववाल्यानं स्पीकर सुरू केला.

"दाजी, सूत्रसंचालन तुमीच करा. तुमी लई वाचता," मेव्हणा म्हणाला. वाचणाऱ्याला आमच्याकडे हीच शिक्षा असते.

पाहुणे आले, उशिरा. फेटे बांधून झाले. मेव्हण्याचे मामा अत्तरदाणी घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभे होते आणि लग्नातल्यासारखं प्रत्येकाच्या हाताला अत्तर चोळत होते. मुख्य पाहुण्यांना कोणीतरी नवं करडू आणून दाखवलं. "आजच जन्मलं? शुभशकुन!" असं म्हणून त्यांनी ते छातीशी धरलं. फोटो निघाला. मग सरपंचांनी धरलं, मग सरपंचांच्या भावांनी. महिला मंडळानं पुढं यावं, असं माइकवरून मीच पुकारलं. शेळी जाळीला तोंड लावून ओरडत होती, पण तिच्यापेक्षा स्पीकर मोठा होता. पंगती उठल्यावर करडू परत आत सोडलं.

शेळी धावत आली. हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं आणि ढुशी मारून त्याला जाळीवर आपटलं.

"अगं, तुझंच हाय ते!" मेव्हणा तिला समजावायला लागला. करडू उठून परत तिच्या कासेकडे गेलं. परत ढुशी.

मेव्हण्याची बायको, आमच्या वहिनी, आली. तिनं करडू उचलून नाकाशी नेलं.

"हे करडू हाय का नवरदेव? अत्तर कुणी चोपडलं ह्याला?"

"चोपडलं न्हाई गं. पाहुण्यांच्या हाताचं लागलं."

"मग पाहुण्यांनाच सांगा पाजायला."

तिनं ते कोमट पाण्यानं धुतलं, पुसलं, त्याच शेळीचं दूध पिळून त्याच्या अंगाला चोळलं. मामांनी अत्तर भारीतलं आणलं होतं. गेलं नाही.

पुढचे काही दिवस मेव्हणा शिंगं धरायचा, मी मागचा पाय धरायचो आणि वहिनी करडू कासेला लावायच्या. धरली की शेळी पाजायची, सोडली की मारायची. हळूहळू वास गेला. मी हुंगून पाहिलं, करडासारखाच वास येत होता. पण शेळीचं मत तोवर पक्कं झालं होतं. आणि एका संध्याकाळी जाळीचं दार उघडलं, बाकीची करडं एकमेकांना तुडवत आयांकडे पळाली, तेव्हा हे गेलं नाही. वहिनींनी ढकललं, तरी गेलं नाही. मग त्या आत जाऊन दुधाची बाटली घेऊन आल्या.

"बघा दाजी, सगळ्यांत शहाणं हेच," मेव्हणा नंतर म्हणाला. "आवाज म्हणून न्हाई."

"आजारी आहे का?"

"छ्या! वजन वाढतंय की."

वजन खरंच वाढत होतं. मी तिथं मुक्कामाला होतो तोवर संध्याकाळची बाटली माझ्याकडे होती. करडू मांडीवर घ्यायचं, बाटलीचं निपल तोंडात द्यायचं. ते शेवटपर्यंत प्यायचं, मध्ये कुठं बघायचं नाही. समोर बाकीची करडं शेपट्या हलवत आयांच्या कासेला लागलेली असायची. बाटली संपली की मी त्याला फरशीवर ठेवायचो. जिथं ठेवलं, तिथंच ते उभं राहायचं.