काचीगुड्याचं पाणी

दादा सकाळी लेकीकडे, मुक्ताकडे विद्यानगरला गेला होता. दुपारी आमचे जावई श्रीनिवासराव एकटेच काचीगुड्याला आमच्या घरी आले आणि दारातच उभे राहिले. त्यांच्या हातात दादाची कापडी पिशवी होती. बाबा जेवून खुर्चीत बसले, बसल्या बसल्या मान कलली, म्हणाले. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं. मी पिशवी घेऊन दारामागच्या खिळ्याला अडकवली, कारण ती तिथेच असते. मग श्रीनिवासरावांना पाणी दिलं. त्याला आता काही आठवडे झाले. वहिनी गेल्यापासून घरात आम्ही दोघं भावंडंच, तो बँकेतून निवृत्त, मी कॉलेजच्या ग्रंथालयातून. कुणी विचारलं तर मी ठीक आहे म्हणून सांगते. रडू अजून आलेलं नाही…

आमच्याकडे जुना रिवाज होता. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणीही घ्यायचं नाही. दादा वाचणारा माणूस, सोवळंओवळं त्याने तरुणपणीच सोडलेलं. पण आमच्या वडिलांना हा रिवाज पाळताना त्याने पाहिलं होतं, आणि एवढी एक गोष्ट त्याच्याकडून सुटली नाही. मुक्ताने तेलुगू घरात लग्न केलं तेव्हा त्याने हौसेने सगळं केलं. विद्यानगरला जाताना मात्र घरून स्टीलच्या बाटलीत पाणी न्यायचा. डॉक्टरांनी उकळलेलंच प्यायला सांगितलंय, असं तिथे सांगायचा. पुढे मुक्ता आणि श्रीनिवासरावांनी मूल नको असं ठरवलं. म्हणजे ती बाटली आता जन्मभराची झाली. मुक्ताच्या सासूबाई सुगुणम्मा दर वेळी ताट वाढायच्या आणि ते तसंच आत जायचं. एकदा त्यांनी मुक्ताला विचारलं, तुझ्या बाबांना आमच्या हातचं चालत नाही का? मुक्ताने रिवाज समजावून सांगितला, त्यांनी मान डोलावली, पण पुढच्या वेळी ताट वाढलं नाही. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो पेपर वाचत होता. बराच वेळ त्याने पान उलटलं नाही.

मुक्ता जाहिरातींसाठी चित्रीकरण करते. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःचा एक छोटा सिनेमा करायला घेतला. मराठी बाप, लेकीचं तेलुगू सासर, आणि त्याने तिथे घेतलेला पहिला घास. बापाच्या कामाला तिला आपल्यासारखं, हैदराबादचं मराठी बोलणारा म्हातारा हवा होता. आले ते सगळे पुण्याचं बोलायचे. शेवटी तिने दादालाच विचारलं. मला वाटलं, तो नाही म्हणेल. तो म्हणाला, "सिनेमातलं जेवण मोजायचं नसतं," आणि दाढी करायला उठला.

चित्रीकरण सुगुणम्मांच्याच स्वयंपाकघरात झालं. ताटातून वाफ दिसायला हवी म्हणून स्वयंपाकही त्यांनीच केला होता. भात, पप्पू म्हणजे त्यांच्याकडची घट्ट डाळ, वर तूप, बाजूला गोंगुऱ्याची आंबट चटणी. मी दाराशी स्टुलावर बसले होते. दादाने एक घास घ्यायचा आणि मान वर करून पाहायचं, एवढंच होतं. ते त्याने केलं. मुक्ता म्हणाली, छान झालं.

"नाही," दादा म्हणाला. "घास नीट घेतला नाही मी. परत घे."

परत घेतलं. तेही त्याला पटेना. कधी हात वाकडा गेला, कधी चेहरा नीट झाला नाही. कॅमेरावाला हसायला लागला.

"बाबा, शॉट ओके आहे. उगाच कशाला?"

"तुला काय कळतंय यातलं? परत घे." मग सुगुणम्मांकडे वळून आपल्या दखनीत म्हणाला, "गोंगुरा थोडा और डालो अम्मा, कॅमेरे में दिखता नै."

सुगुणम्मा त्याला अन्नय्यगारू म्हणायच्या, भाऊ या नात्याने. त्यांनी चटणी वाढली, तुपाची वाटी जवळ सरकवली आणि शांतपणे म्हणाल्या, "चावल गरम हैं, अन्नय्यगारू. और एक बार कर लेव."

मुक्ताने कॅमेरावाल्याला खूण केली आणि कॅमेरा बंद झाला. त्यावरचा लाल दिवा विझला, तो दादालाही दिसला असणार. तो जेवत राहिला.

त्यानंतरही तो बाटली नेत होता. फक्त ती संध्याकाळी भरलेली परत यायची. मी ते पाणी गॅलरीतल्या जास्वंदीला घालत असे. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. सिनेमा मुक्ताने माझ्या फोनवर पाठवून ठेवला आहे, तो मी अजून लावलेला नाही.

दादा गेला त्या संध्याकाळी आमची चूल पेटली नव्हती. सुगुणम्मा पप्पू-भाताचा डबा घेऊन आल्या, माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. "अन्नय्यगारू पेट भरके खाए, अक्का," त्या मला म्हणाल्या. "फिर पानी मांगे. मैं दी." मी तो भात खाल्ला. चव कशी होती ते आठवत नाही.

परवा दारामागचं झाडताना पिशवी काढली. ती जड होती. त्या दुपारी हाताला कळलं असेल, मला कळलं नव्हतं. आतली भरलेली बाटली घेऊन मी गॅलरीत गेले, झाकण अर्धं फिरवलं… जास्वंदीची माती कोरडी होती. मी झाकण परत घट्ट लावलं, बाटली पिशवीत घातली आणि पिशवी खिळ्याला अडकवली. मग नळाचं पाणी आणून झाडाला घातलं.