कंसातली बाई

आधीच सांगते, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नाही ती घडलीच नाही, असं म्हणून लोकांशी भांडायचा मला पगार मिळतो. घरीही तेच. नवरा नागपूरचा, त्याच्याकडे भुताखेतांच्या गोष्टींचा भरपूर स्टॉक, आणि दर वेळी मी त्याला मध्येच तोडते... "तू स्वतः पाहिलंस?" तेव्हा हे वाचून तो किती हसणार आहे ते मला माहीत आहे. हसू दे.

आम्ही इकडे परदेशात, शॉमबर्गला राहतो. बाबा दूर दुसऱ्या राज्यात मॉरिसव्हिलला, माझ्या दादाकडे. आई मागच्या हिवाळ्यात गेली, अचानक, झोपेतच. त्याआधीच बाबांचं ऐकू येणं कमी कमी होत पार गेलं होतं, कानातल्या मशीनचाही उपयोग होईना. म्हणजे त्यांच्यासाठी आईचा आवाज आईच्या आधीच गेला.

दादाने त्यांना कॅप्शनचा फोन आणून दिला. ऐकू न येणाऱ्यांसाठी ही इथली सोय. मी बोलते ते मधला एक ऑपरेटर ऐकतो आणि बाबांच्या फोनच्या स्क्रीनवर ते इंग्रजी अक्षरांत उमटतं. बाबांचा आवाज मात्र थेट माझ्या कानात. ऑपरेटरने स्वतःचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, आणि बोलण्याशिवाय जे कानावर पडेल तेही कंसात लिहायचं. कुत्रं भुंकतंय, दार वाजलं... असं.

अडचण एकच, ऑपरेटरला मराठी येत नाही. त्यामुळे बाबा मराठीत बोलणार आणि मी इंग्रजीत उत्तर देणार, अगदी इथे जन्मलेल्या पोरांसारखी! ज्या माणसाशी जन्मात इंग्रजी बोलले नाही त्याला 'हाऊ इज युअर नी टुडे?' विचारायचं म्हणजे सुरुवातीला दोघांनाही हसू फुटायचं. घाईत तोंडून मराठी गेलं की स्क्रीनवर कंसात यायचं, 'परक्या भाषेत बोलत आहे'.

"परकी म्हणे!" बाबा म्हणायचे. "साताऱ्याची भाषा परकी झाली होय?"

मी त्यांना लंच ब्रेकमध्ये ऑफिसच्या पार्किंगमधून फोन करते, गाडीत बसून. शेजारी तळं आहे, त्यात ते बदकांसारखे मोठे कॅनडा गीज. त्यांचा कलकलाटही कंसात जायचा. "आज तुझ्या बदकांची भांडणं लागलीत वाटतं!" बाबांना बोलण्यापेक्षा कंसच जास्त आवडायचे.

आई स्वतः फोनवर कधीच यायची नाही. बाबा बोलणार आणि ती मागून सूचना करणार. "तिला विचारा, डबा नेते का... केस कापू नको म्हणावं तिला." मग बाबा ठरलेलं वाक्य म्हणायचे, "थांब गं जरा, आई बोलतेय." आमच्याकडे राहायला आली तरी गाडीत पुढे बसायची नाही. मागच्या सीटवर मधोमध बसायची, आणि मी गाडीतून बाबांना फोन लावला की मागून तिच्या सूचना सुरू!

तर, डॉक्टरांनी बाबांना कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन सुचवलं होतं. जितका उशीर कराल तितका फायदा कमी, हेही सांगितलं. बाबा अडून बसले. "जिचं ऐकायचं ती गेली. आता काय, दादाच्या मीटिंगा ऐकू?" दादा भांडून थकला. बाबांनी मित्रांकडे जाणं सोडलं, मग जेवायला टेबलाशी येणंही सोडलं. आई अचानक गेली, हे हळूहळू जातायत, असं मला वाटायला लागलं आणि फार भीती वाटली.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी गाडीतून पुन्हा तोच विषय काढला. काचा बंद, इंजिन बंद, रेडिओ बंद. बदकंही दूर होती. इंग्रजीतच म्हटलं, बाबा, प्लीज, आमच्यासाठी तरी.

"नाही म्हटलं ना."

मी गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, "तुझ्याबरोबर कोण आहे गं?"

कोणी नाही, मी म्हटलं, एकटीच आहे.

"मग हे काय आलंय? 'मागून दुसरी बाई परक्या भाषेत बोलत आहे.'"

मी वळून पाहिलं. मागच्या सीटवर जिमची बॅग आणि रिकाम्या ग्रोसरीच्या पिशव्या. बाहेरही चिटपाखरू नव्हतं.

कंपनीला फोन केला. बोलण्याची नोंद आम्ही ठेवत नाही, ऑपरेटर ऐकतो तेवढंच लिहितो, असं नम्र उत्तर मिळालं. "ग्लिच असेल यार," दादा म्हणाला. मलाही तेच वाटत होतं. लाइन क्रॉस झाली असेल, ऑपरेटरच्या शेजारचं कोणी बोललं असेल.

दुसऱ्या दिवशी मी चक्क टेस्ट केली. तीच गाडी, तीच जागा. मुद्दाम दादाला स्क्रीन बघायला बाबांच्या शेजारी उभं केलं. हवापाण्यावर बोलले, गुडघ्यावर बोलले. काही नाही. मग ऑपरेशनचं काढलं.

"नाही," बाबा म्हणाले.

मी श्वास रोखून गप्प राहिले. मला काहीही ऐकू आलं नाही, खरंच काही नाही. पण तिकडे दादा हळूच म्हणाला, "अगं... येतंय." तीच ओळ. तिच्याखाली पुन्हा तीच. पुन्हा. बराच वेळ येत राहिली.

आणि बाबा हसायला लागले. हसता हसता रडायला लागले.

"बाबा, काय म्हणतेय ती?" मी मराठीतच ओरडले.

दादाने त्यांना कागदावर लिहून दाखवलं असावं. नाक ओढत बाबा म्हणाले, "ते कुठे लिहिलंय? त्या बिचाऱ्याला मराठी येत नाही. पण एवढं बोलतेय म्हणजे चांगलीच चिडली असणार." मग आवाज थोडा लांब गेला, दादाकडे वळल्यासारखा. "तारीख घे रे डॉक्टरांची."

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. आधी सगळे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे यायचे, पण बाबांनी चिकाटी सोडली नाही. आता आम्ही फोनवर मराठीत बोलतो. जेवायलाही ते टेबलाशी येतात, आणि दादाच्या मीटिंगांना नावं ठेवतात. मी गाडीत बसून किती रडले ते लिहीत नाही.

कॅप्शन मात्र त्यांनी चालू ठेवलंय, अजून एखादा शब्द निसटतो म्हणून. ऑपरेटरला अजूनही मराठी येत नाही, त्यामुळे मी बोलत असताना स्क्रीनवर नुसतं 'परक्या भाषेत बोलत आहे', ओळीखाली ओळ. दादा वैतागतो. बाबा ते मन लावून वाचतात.

घरून फोन केला तर ती दुसरी बाई कधीच येत नाही. गाडीतूनही रोज नाही. का, कसं, मला सांगता येत नाही. माझ्या पद्धतीने ही केस मी अजून बंद केलेली नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती बंद करायचीही नाही.

मागच्या शुक्रवारी गाडीतून बाबांना सांगत होते, यंदा केस एकदम खांद्यापर्यंत कापले म्हणून.

"थांब गं जरा," बाबा म्हणाले. "आई बोलतेय."

मी थांबले.