आतल्या खोलीतला ट्रे

मंत्र्यांच्या कचेरीतल्या शिपाईमामांना मोर्चाचं औषध तोंडपाठ होतं. बाहेर घोषणा तापल्या की मोठे साहेब विचारायचे, "नेता कोण?" मग त्या नेत्याला मागच्या दाराने आतल्या खोलीत आणायचं, त्याचा फोन ट्रेमध्ये काढून घ्यायचा, चहा द्यायचा आणि दार लावायचं. थोड्या वेळाने नेता हसत बाहेर पडायचा आणि मोर्चाची हवा निघून जायची. आत काय ठरलं, ते बाहेरच्यांना कधी कळायचं नाही.

यंदा मात्र घोडं अडलं. सरकारने वस्तीतला बाळंतपणाचा दवाखाना बंद करायचं ठरवलं आणि वस्ती पेटून उठली. सगळा कारभार फोनवरच्या ग्रुपवर! कोणी कधी बसायचं, पाणी कोण आणणार, पुढची घोषणा काय, सगळं तिथेच ठरायचं. पोलिसांनी चौघांना उचललं, तर दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. साहेबांनी नेता मागितला, तेव्हा उत्तर आलं, "आमच्यात नेता नाही. चिठ्ठी टाकून कुणालाही पाठवतो."

"नेता नाही म्हणजे?" साहेबांनी कपाळावर हात मारला. "मग बोलायचं कुणाशी, भिंतीशी?"

मामा राहायचे त्याच वस्तीत. चिठ्ठी निघाली. चिठ्ठीवर त्यांचीच बायको! शाळेचे गणवेश शिवणारी ही बाई बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. थोरली लेक दूर दिलेली. तिचं मूल दवाखाना गाठायच्या आत वाटेतच गेलं होतं. आता धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते.

"अगं, नाही म्हणून टाक," मामा काकुळतीला आले. "माझी नोकरी जाईल."

"आणि हेही नातवंड वाटेत गेलं तर? काय करणार आहात अहो तुम्ही नोकरी घेऊन?"

मामांनी डबा उचलला आणि कचेरीची वाट धरली.

साहेब मात्र जाम खूश. "आपल्याच शिपायाची बायको! घरचंच माणूस. दोन शब्द गोड बोलू, की काम फत्ते." इथेच साहेब फसले. त्या बाईला गोड बोलून गुंडाळता येतं का, हे आधी मामांना तरी विचारायचं!

ठरल्या दिवशी बाई मागच्या दाराने आल्या. हातातला फोन चालू होता आणि त्यातून हजारो लोक बघत होते. मामांनी ट्रे पुढे केला.

"फोन इथे ठेवा, बाई."

आयुष्यात पहिल्यांदाच ते बायकोशी असं परक्यासारखं बोलले. लाजेने त्यांची मान वर होईना. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, फोन ट्रेमध्ये ठेवला आणि त्या आत गेल्या.

आता ट्रे बाहेरच्या स्टुलावर ठेवायचा आणि दार लावायचं, एवढंच काम. पण फोनच्या पडद्यावर निरोप भराभर वर सरकत होते. 'मावशी, आम्ही आहोत.' 'मावशी, कुठे गेलात?' मामांना थोरल्या लेकीचा चेहरा आठवला. जे व्हायचं ते होऊ दे, म्हणत ते आत शिरले. ट्रे त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि फोन साखरेच्या भांड्याला टेकवून उभा केला.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"फोन ट्रेमध्येच आहे, साहेब." मामा दाराकडे वळले. "चहा आणतो."

साहेबांचा हात फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. अख्खी वस्ती तो हात बघत होती. बाई म्हणाल्या, "मी एकटी काहीच ठरवणार नाही. जे सांगायचं ते या सगळ्यांना सांगा."

साहेबांनी घाम पुसला, बाहेर जाऊन मंत्र्यांना विचारून आले, पुन्हा घाम पुसला. शेवटी दवाखाना चालू राहील, असं त्यांना सगळ्यांदेखत सांगावं लागलं.

मामांची बदली तळघरात झाली, मोडक्या खुर्च्यांच्या राखणीला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला? पण सून त्याच दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. नात झाली.

बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकोला मामांनी चहा आणून दिला. एवढ्या नेत्यांना चहा पाजणाऱ्या या माणसाने घरी कधी कप विसळला नव्हता. बाईंनी एक घोट घेतला. "साखर कमी आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

शेजारी फोन सारखा वाजत होता. अख्खा ग्रुप बाळाचा फोटो मागत होता.

"पाठव की," मामा म्हणाले.

बाईंनी फोन पालथा घातला. "थांबू देत. आधी आजोबांनी बघायचं."