निळ्या ठिपक्यांची वडी

आत्याच्या शेजारणीचा फोन आला, तेव्हा मी न्हाणीघरातले साबणाचे उरलेसुरले तुकडे डब्यात भरत होते. दर महिन्याला हा डबा आत्याकडे जायचा. "लवकर या, काकूंच्या स्वयंपाकघरात भडका उडालाय," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर आत्या तीन दिवस दवाखान्यात होती, आणि मग गेली... त्याला आता सात आठवडे झाले.

सुमनआत्या सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. सगळ्या गोतावळ्यातले साबणाचे तुकडे ती गोळा करायची, खिसणीवर खिसायची, पाण्यात भिजवून मंद आचेवर विरघळवायची आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ओतायची. कुणी चिक्कू म्हटलं की म्हणायची, "व्हय, हाय मी चिक्कू. फेस तर येतोय की." खरी गंमत त्याच्या आधी असायची. डोळे मिटून एकेक तुकडा नाकाशी धरायचा आणि तो कुणाच्या घरचा ते सांगायचं. चंदन आमच्याकडचं, कडुलिंब धाकट्या काकांकडचा. कपड्यांच्या साबणाचा तुकडा चुकून आला, तर तो लगेच बाजूला. लहानपणी आम्ही तिला फसवायचा खूप प्रयत्न केला, पण तिच्या नाकापुढे आमची डाळ कधी शिजली नाही.

गेल्या दिवाळीत मी उटणं तिच्या नाकाशी नेलं आणि म्हटलं, "यात काय काय आहे, ओळख." "चांगलं हाय," म्हणत तिनं ते बाजूला ठेवलं. संक्रांतीला गेले, तर कढईत लसूण जळून घरभर वास सुटला होता आणि आत्या पाठमोरी निवांत भांडी पुसत होती. वय झालंय, असं मीच माझ्या मनाला सांगितलं. पुढच्याच महिन्यात तिच्या साबणाच्या वड्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, त्यात निळे ठिपके, दिसायला देखण्या. दोन दिवसांत माझ्या मुलीच्या अंगभर पुरळ उठलं. मी तावातावानं फोन केला.

"आत्या, कपड्यांचा साबण घातलास की गं यात."

"निळा दिसला... वाटलं, कुनीतरी नवा आनला आसंल."

दिसला, म्हणाली ती. आयुष्यभर डोळे मिटून साबण ओळखणारी बाई दिसला म्हणाली, आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. "बंद कर आता हे उद्योग," असं म्हणून मी फोन ठेवला.

तिनं बंद केलं नाही, आणि सवयीनं मीही तुकड्यांचा डबा भरतच राहिले. दवाखान्यात तिनं तुटक तुटक सांगितलं, "पोरीसाठी चांगली वडी करत हुते. बाहीर फोनवर बोलत बसले, तवर साबन उतू गेला. बर्नर इजला. परत येऊन लायटर वढला... मला ग्यासचा वासच आला न्हाई."

"कधीपासून येत नाही?"

"दिवाळीच्या आदीपास्नं. सांगितलं आसतं, तर तुमी मला ग्यासपाशी उभं ऱ्हाऊ दिलं नसतं की."

मला तिचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा. तिनं लपवलं हे खरं, पण तीनदा समोर आलेलं मी तीनदा बाजूला सारलं.

त्या वड्यांमधली एक अजून आमच्या न्हाणीघरात आहे. कुणी ती वापरत नाही. रोज सकाळी मी डोळे मिटून ती नाकाशी धरते. चंदन, कडुलिंब, आणि त्या निळ्या तुकड्यांचा उग्र, झोंबणारा वास... मला तो येतो.