त्याच्यापेक्षा एक जास्त

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. ऑफिसात चहा होतो, कुणीतरी कुणाची तरी खोड काढतं, आणि किस्सा तयार! आमच्या ऑफिसात तर एकच किस्सा प्रत्येकाकडे वेगळ्या व्हर्जनमध्ये मिळतो. मी सांगते आहे ते माझं व्हर्जन. यात मी थोडी जळकुकडी वाटेन. वाटू द्या, आहेच मी!

तर आमचं ऑफिस रायपूरला, तेलीबांध्याला. माझ्या खिडकीतून तलाव दिसतो. पंडरी बाजारातल्या ठोक कापड दुकानांसाठी आम्ही बिलाचं आणि मालाचं सॉफ्टवेअर करतो. गंमत अशी की प्रत्येक दुकानात वेगळं व्हर्जन. कुणी चारवर अडलेला, कुणी सहावर, कुणी आम्हाला कॉम्प्युटरला हातच लावू देत नाही. नवीन व्हर्जन आलं की प्रत्येक जुन्यातला डेटा नव्यात धड जातो की नाही, हे आधी ऑफिसात तपासायचं. ते काम माझं आणि रूपालीचं. सगळं नीट पार पडलं तर आम्ही आहोत हेही कुणाला कळत नाही.

*

आमचा प्रोग्रामर प्रशांत. त्याला मी एकदा सांगितलं, "पाचवरून थेट सातवर गेलं की जुनी बिलं गायब होतात."

"ताई, पाचवरून थेट सातवर जातं कोण?"

एक सेठजी गेले! बिलं गायब. दुकानात बोंबाबोंब. प्रशांत धावत गेला, त्याने बिलं परत आणली. दुसऱ्या दिवशी सेठजींकडून मिठाईचा मोठा डबा आला, वर नाव प्रशांतचं.

म्हणजे ज्याने बिघडवलं त्याला मिठाई! आणि जिने आधी ओरडून सांगितलं तिला? प्रशांतने डबा पुढे केला, "घ्या ना ताई." मी घेतली. चांगली भरपूर घेतली. रिकाम्या पोटी मला नीट जळता येत नाही.

*

आता रूपाली. रूपाली शिर्के. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेलं घराणं. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. माझ्यानंतर लागली, आणि लागल्या दिवसापासून माझ्या डोळ्यात खुपते आहे. वाईट असती तर बरं झालं असतं. चांगली आहे हो!

एकदा मी एक अपग्रेड पूर्ण तपासून "ओके" म्हणून दिलं. रूपालीने सहज उघडून पाहिलं आणि आमच्या मालकांसमोर, काळे सरांसमोर म्हणाली, "दीदी, अस्सी सेंटीमीटर का ब्लाउज पीस एक मीटर हो गया!"

जुन्या व्हर्जनमध्ये मीटरचे तुकडे चालायचे, नवीन व्हर्जन सगळं पूर्ण मीटरमध्ये करत होतं. मी बापडी कापडाची अख्खी ठाणं टाकून तपासत बसले होते. ब्लाउज पीस माझ्या डोक्यातच आला नाही. मी बाई असून!

काळे सर खूश. "वा! पोट्टी हुशार आहे. वैशाली, तुह्या कसं नाही ध्यानात आलं?"

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन कपाटातले सगळे ब्लाउज पीस मोजले. एकही मीटरभर निघाला नाही.

*

पंडरीत दोन भाऊ. एकाच भिंतीला लागून दोन दुकानं, बोलणं बंद. मोठ्याला आम्ही सात नंबरचं व्हर्जन दिलं. लगेच धाकटे सेठजी आमच्या ऑफिसात हजर. सरांसमोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मुझे आठ चाहिए."

सर म्हणाले, "सेठजी, आठ अजून बनलंच नाही. सातच नवीन आहे."

सेठजींचा चेहरा पडला. चहा आला, तो तसाच राहिला. शेवटी म्हणाले, "अंदर कुछ भी रहे साहब, ऊपर भैया से एक ज़्यादा दिखना चाहिए."

दुकानांत जाऊन सॉफ्टवेअर बसवण्याचं काम आमच्या उमेश साहूचं. तो गेला आणि हसतमुखाने परत आला. सेठजीही हसतमुख.

काही महिन्यांनी खरंखुरं आठ तयार झालं. मी धाकट्या सेठजींचा डेटा आणून अपग्रेड चालवलं, तर कॉम्प्युटर म्हणतो, गरज नाही, यांच्याकडे आठ आधीच आहे! पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. रूपालीने चालवलं, तिलाही तेच. (हे बघून जरा बरं वाटलं.) जे आम्ही अजून कुणाला दिलंच नाही, ते यांच्याकडे आलं कुठून? शेवटी उमेशला विचारलं.

"हव दीदी," तो शांतपणे म्हणाला, "आठ तो मैंने लिखा था. सेठजी बहुत उदास थे."

आत सहा, वर आठ! आता हे असलं तपासायचं कसं? त्यात मोठ्या भावाने भिंतीपलीकडचा आठ पाहिला आणि फोन केला, "हमको नौ लगा दो." उमेशने नऊ लावला. मग धाकट्याचा फोन. आम्ही दोघी कधीच न बनलेल्या व्हर्जनांवरून अपग्रेड तपासू लागलो!

तेव्हापासून नुसता आकडा बदलण्याला आमच्याकडे 'पंडरीचं काम' म्हणतात. सरांनी त्या कामाला हाक मारली की उमेश उठता उठता एवढंच विचारतो, "बड़े का, कि छोटे का?"

*

मग नवा रायपूर आला, म्हणजे शहराबाहेर नव्याने वसवलेली राजधानी. एका सरकारी खात्याचं मोठं काम मिळालं आणि सरांनी तिकडे दुसरं ऑफिस घेतलं. तिथे टेस्टिंगला एक लीड हवी होती. लीड म्हणजे स्वतःची काचेची केबिन. आणि आम्ही दोघी!

मला ती केबिन हवी होती. उगाच कशाला लपवू, इतकं दुसरं काहीच मला तेव्हा हवं नव्हतं. माझी नोकरी जुनी, सगळी व्हर्जनं मला तोंडपाठ. नवऱ्याला, सासूबाईंना, वर्ध्याला आईलासुद्धा सांगून बसले होते.

सर आम्हाला दोघींना जागा दाखवायला घेऊन गेले. रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. अर्थात पलीकडे माणूसच नव्हता. केबिनमध्ये शिरल्या शिरल्या रूपाली म्हणाली, "दीदी, यहाँ खिड़की में तुलसी कितनी अच्छी लगेगी ना?"

"इथे ऊन येत नाही," मी म्हणाले.

ऊन एवढं होतं की बोलताना मी डोळ्यांवर हात धरला होता.

*

लीड रूपाली झाली.

मी सरांना सरळ विचारलं, "सर, काहून? माह्या कामात काय कमी दिसलं?"

सर म्हणाले, "कामात काही कमी नाही वो. तिच्याजवळ गाडी आहे. तिकडे बस भेटत नाही."

म्हणजे चारवरून, पाचवरून, सहावरून, न बनलेल्या नऊवरून सगळा डेटा मी सुखरूप पार करायचा, आणि मला तेलीबांध्याहून नवा रायपूरला नेणारं कुणी नाही! घरी जाऊन नवऱ्याला म्हणाले, "आपण गाडी घेऊ."

नवरा रेल्वेत. पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाला, "गाडी कायले पाहिजे? पास आहे ना घरात."

*

मी बरेच दिवस तोंड पाडून काम केलं. शेवटी सरांनाच ते बघवेना. त्यांनी माझ्या टेबलावर एक छानशी पाटी ठेवली, 'सीनियर टेस्ट लीड'. काम तेच, टेबल तेच, पगार तोच, पण पाटी पितळेची! मी ती दाराकडे तोंड करून ठेवली.

रूपाली एका मीटिंगला तेलीबांध्याला आली. पाटीसमोर उभी राहिली. वाचली. पुन्हा वाचली. "बधाई हो दीदी," म्हणाली, पण तिचा चेहरा असा काही उतरला की काय सांगू! जाताना माझ्या खिडकीतून तलावाकडेही बघत बघत गेली. त्या दिवशी मी घरी शिरा केला.

पुढच्या सोमवारी काही कामासाठी सरांच्या गाडीतून नवा रायपूरला गेले. केबिनच्या खिडकीत तुळस. मस्त वाढलेली. ती मी सहन केली. पण दारावरची साधी 'टेस्ट लीड' पाटी गेली होती, आणि तिच्या जागी नवी, माझ्या पाटीपेक्षा हातभर लांब, 'चीफ सीनियर टेस्ट लीड'!

ऑफिसात परत आल्यावर मी सरांच्या मागोमाग आत गेले आणि समोरच्या खुर्चीत बसले.

"रूपाली चीफ झाली सर?"

"अवं, नुसती पाटी आहे ते!" सर म्हणाले. "उदास होऊन बसली होती पोट्टी. आत काहीच नाही बदललं. काम तेच, पगार तोच."

चहा आला. मी घेतला नाही.

"आत काहीही राहू द्या सर," मी म्हणाले, "वर तिच्यापेक्षा एक जास्त दिसलं पाहिजे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी बसले होते त्या खुर्चीकडे पाहिलं. मग दाराकडे तोंड करून हाक मारली, "उमेश! पंडरीचं काम आहे रे!"

उमेश आत आला. त्याने मला पाहिलं, थंड होत चाललेला चहा पाहिला, आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढत विचारलं,

"बड़े का, कि छोटे का?"