वैशाखातला वहाळ

काळाचौकीच्या आमच्या चाळीत गावकरी मंडळाची खोली आहे. गावच्या सामाईक जमिनीचा कोणताही प्रश्न प्रथम या खोलीत येतो, कारण निम्मे हिस्सेदार मुंबईकर आहेत. यंदा एका कंपनीचा प्रस्ताव आला: गावामागच्या डोंगरउतारावर बंगल्यांचे प्लॉट. हा उतार गावच्या पाण्यासाठी राखलेले पाणलोट क्षेत्र आहे. त्यामुळे सरकारी सुनावणी होणार होती व तत्पूर्वी हिस्सेदारांची संमती हवी होती. कंपनीच्या छायाचित्रांत आमचा वहाळ, म्हणजे गावचा ओढा, दुथडी भरून वाहत होता. पाणी उदंड आहे, संमती द्यावी, असे बहुतेकांचे मत पडले.

"जमीन पाहिल्यावाचून मी सही करणार नाही," मी अध्यक्ष या नात्याने सांगितले.

"अण्णा, दर गणपतीत पाहताच की!" चिटणीस मोहन हसला. त्याला स्वतःला एक प्लॉट हवा होता. मी त्यालाच सोबत घेतले.

परळ आगारातून सकाळची एसटी धरावी. आसन आधी राखून ठेवावे. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे मला तिकीट पडत नाही. "अण्णा, तुमच्या वयाचा मला हेवा वाटतो," असे म्हणत मोहनने स्वतःचे तिकीट काढले. महामार्गाचे काम अद्याप ठिकठिकाणी चालू आहे; कंबरेस पट्टा बांधावा. माणगावला मिसळ बरी मिळते, मात्र वैशाखात ती खाऊ नये, हे मला चिपळूण येईपर्यंत कळून चुकले.

मुक्काम चुलतभावाच्या घरी होता. त्याची पत्नी सुलोचनावहिनी हिने कुळथाची पिठी व तांदळाची भाकरी वाढली. पाण्याचा तांब्या मात्र अर्धाच ठेवला. मला ते खटकले.

सकाळी वहिनी आमच्याबरोबर डोंगराकडे निघाली. मोहन कंपनीचा नकाशा उलटसुलट करीत चालला होता. तापलेल्या गोट्यांच्या एका लांबच लांब पट्ट्यात तो थांबला.

"अण्णा, रस्ता चुकलो. इथे वहाळ लागायला पाहिजे होता."

मीही चहूकडे पाहिले. मलाही वहाळ दिसेना.

वहिनी पदर तोंडाला लावून हसू लागली. "चुकताय कशाला? त्याच्यातच तर उभे आहात दोघं!"

मी या गावात जन्मलो, या वहाळात पोहायला शिकलो. परंतु गिरणीत लागल्यापासून रजा मिळे ती गणपतीची. पुढे गिरण्या गेल्या, सवय राहिली. भाद्रपदातले गाव तेवढे आम्हांला ठाऊक.

"मग पाणी आणता कुठून, काकी?" मोहनने विचारले.

ती आम्हांला वर घेऊन गेली. आंब्या-जांभळांच्या दाट सावलीत दगडांनी बांधलेला एक झरा होता. करंगळीएवढी धार, पण अखंड. भोवती रिकाम्या हंड्यांची रांग; बायका आपापली पाळी येईपर्यंत सावलीत गप्पा मारीत बसल्या होत्या. झऱ्याच्या वरच्या अंगाला कंपनीने पांढऱ्या फक्कीने रेषा आखल्या होत्या. मोहनने नकाशा पाहिला व घडी घालून खिशात ठेवला.

"काय रे, काय बांधणार इथं?" वहिनीने विचारले.

"पोहायचा तलाव, काकी."

बायका इतक्या हसल्या की एकीचा हंडा भरून वाहू लागला, आणि मग सगळ्या मिळून तिलाच ओरडल्या.

वहिनी हसली नाही. "भावजी, वरची माती खणलीत तर ही धार जाईल. मग आम्ही पण येतो काळाचौकीला राहायला."

मोहन ओंजळीने पाणी प्याला. उतरताना म्हणाला, "काकी, खाली रस्त्याकडेच्या कातळावर घर बांधलं तर?"

"बांध की! पावसाचं पाणी साठव, झाडं लाव, आणि बारा महिने राहून दाखव. शेजार होईल आम्हाला."

रविवारी मंडळाच्या खोलीत सभा भरली. मी सही केली ती हरकतीवर. मोहनने कंपनीच्या छायाचित्राशेजारी स्वतः काढलेले कोरड्या वहाळाचे छायाचित्र ठेवले. ते हातोहात फिरले.

"अरे, हे आपलं गाव नाहीच!" मागून कोणी म्हणाले.

"आपलंच आहे," मोहन म्हणाला. "आपण नसतो तेव्हाचं."

मग एकामागून एक हिस्सेदार सहीसाठी पुढे आले. सुनावणी अद्याप व्हायची आहे. परंतु मंडळाची पुढची वार्षिक सभा वैशाखात, गावी, त्या झऱ्यापाशी भरवण्याचे एकमताने ठरले आहे. आपापले पाणी सोबत आणावे, ही अट मी घातली आहे.