फिशटँकचा स्टँड

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वेल्डर आहे. बोलताना तो माणसाकडे पाहत नाही, लोखंडाकडेच पाहतो. मी इंजिनिअर. घरातल्या पाच फुटी फिशटँकसाठी स्टँडचं ड्रॉइंग मीच काढून त्याला दिलं. त्यानं ते पाहिलं आणि खडूनं फरशीवर वेगळंच चित्र काढलं.

"सारं वजन कोपऱ्यावर येते, साहेब. पाय आत काहून घेतले?"

मी माझ्या ड्रॉइंगची घडी करून ते खिशात घातलं.

स्टँड घरी आला, तेव्हा एक पाय केसभर उचललेला निघाला. मी म्हणालो, "पुठ्ठा लावू, चालेल."

"पुठ्ठा दबते. मंग काच तडकते," असं म्हणत त्यानं स्टँड परत नेला आणि दुसऱ्या दिवशी नीट करून आणला.

बाबांनी वेल्डिंगच्या जोडांवरून हळूच हात फिरवला. मी बांधलेल्या इमारती पाहायला ते कधी आले नाहीत.

"याले म्हणतात काम!" ते म्हणाले. तो गेल्यावर मला म्हणाले, "त्याचा नंबर दे गा. रविवारी जेवाले बोलावतो त्याले."

नंबर माझ्या खिशातल्या मोबाइलमध्येच होता.

"माझ्याजवळ नाही, बाबा," मी म्हणालो.